पिवळी पायरी

आमच्या चाकणच्या वृद्धाश्रमात आपल्या आत्याला भेटायला दर रविवारी एक पोरगी येते. बागेत ती फुलं बघत नाही, जमीन बघते. नोकरीच तशी, दवाखान्यांच्या कागदांवरून कोण कुठं पडलं ते वाचायचं आणि विम्यासाठी त्याचा ठरलेला नंबर, म्हणजे कोड, टाकायचा.

एकदा तिला माझं कोपर खरचटलेलं दिसलं. बाथरूममध्ये पडलो म्हणालो, तर लगेच, "काका, बाथरूममध्ये लाल माती कुठनं आली?"

मग तिला खरं सांगितलं. बागेतल्या पायरीवरून पडलो, हे आश्रमवाल्यांना कळलं असतं तर बागेला कुलूप लागलं असतं राव!

"खरी जागा लपवली, की तिथंच दुसरा पडतो," एवढंच बोलली.

पुढच्या रविवारी कंपनीत जमिनीवर पट्टे मारतात तसला पिवळा रंग आणून तिनं पायरीची कड रंगवली. रंग वाळायच्या आत आमच्यातले तिघं गुडघे चोळत तिच्यापाशी आले, आपापली खरी जागा सांगायला.