पोरीलेच विचारा

सावली गावातल्या सायबर कॅफेतला तो माणूस लाइन गेली की आपलीच चूक असल्यासारखा "माफ करजा" म्हणायचा. माझी मुलगी रोज तिथं काय बघते, हे मी त्याला एकदा विचारलं.

"मले दिसते, भाऊ, पण सांगणार नाई. पोरीलेच विचारा. अन् रागावू नका."

इतका मवाळ माणूस, पण त्या दिवशी हटला नाही.

घरी मी तिला जवळ बसवून विचारलं. ती रडायलाच लागली. "बाबा, दंडावर चट्टा आहे. चिमटा काढला तरी समजत नाई. कुष्ठरोग असन तं?"

तोच निघाला. पण वेळेत गोळ्या सुरू झाल्या आणि ती पूर्ण बरी झाली.

मी पेढे घेऊन त्याच्याकडे गेलो. कशाचे, हे त्यानं विचारलंच नाही.