वैशालीच्या वहीतले आकडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही वैशालीला ओळखत नाही — म्हणून असेल.

वैशाली धूलकोटची. घरची केळीची शेती, रोज बसनं बुऱ्हाणपूरला यायची. मी लालबागचा, वडील पेपर मिलमध्ये. एकाच सरांच्या हाताखाली आम्ही संशोधन करत होतो. अतिउष्ण, निळसर-पांढरे तारे घ्यायचे आणि त्यांची निरपेक्ष प्रत काढायची. म्हणजे काय? सगळे तारे सारख्याच अंतरावर आणून ठेवले, तर कोणता किती तेजस्वी दिसेल, ते. त्यातले काही प्रमाण तारे — त्यांच्यावरून बाकीच्यांचं माप ठरतं. तिथंच चुकलात तर मुसळ केरात.

दुर्बिणीला डोळा लावायचं काम नव्हतंच. ताऱ्यांचे वर्णपट संगणकावर यायचे, भर दुपारी, कॉलेजच्या खोलीत. त्यातली हायड्रोजनची काळी रेघ मोजायची. रेघ रुंद, तर तारा मूळचा मंद. बारीक, तर तेजस्वी. रेघेचा काठ मात्र नजरेनंच ठरवायचा. म्हणून सरांचा नियम होता — दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांच्या वहीत डोकवायचं नाही, आकडे शेवटी ताडून बघायचे.

पहिल्यांदा जुळले, ते खरेच जुळले. वैशालीनं टाळीच वाजवली. "अरे, आपली नजर एकदम सेम आहे ना! चल, मावा जिलेबी खाऊ." — ते वाक्य मला पुन्हा ऐकायचं होतं. रोज ऐकायचं होतं. माझं प्रेम होतं तिच्यावर, आणि तसं म्हणायची छाती नव्हती.

म्हणून ती डबा धुवायला गेली की मी — हो, तिची वही उघडायचो. माझा आकडा खोडून तिच्या आकड्याच्या जवळपासचा लिहायचो. अगदी तोच नाही. चोराच्या मनात चांदणं. थोडा फरक ठेवायचो.

एका प्रमाण ताऱ्यापाशी ती अडली. "काठ चुकला वाटतं माझा. फिरसे मोजू का?" मग तिनं माझा आकडा पाहिला. "तुझंही तेच आलंय? मग राहू दे." माझा खोडलेला, मूळचा आकडा बराच मोठा होता — म्हणजे रेघ रुंद, तारा मंद. मी पुढच्या ताऱ्याचा वर्णपट उघडला.

पुढे उपग्रहानं मोजलेली नवी अंतरं आली आणि आमचं माप उघडं पडलं. तो तारा आम्ही सांगितला तेवढा तेजस्वी नव्हताच. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. "काठ चुकल्याची शंका मला आली होती, तरी पुन्हा मोजला नाही मी," असं सांगून तिनं चूक स्वतःवर घेतली. मी खाली बघत होतो. महिन्याभरात तिनं संशोधन सोडलं.

माझी ती वही अजून आहे. मिलचा जाड कागद, खोडलेलं नीट पुसलं जात नाही. तो आकडा वाचता येतो. तो बरोबर होता. दुपारी कधी वही काढून बसतो, आणि तिची फार आठवण येते. मावा जिलेबीच्या दुकानावरून अजून मान खाली घालून जातो.

मागच्या उन्हाळ्यात ती बसस्टँडवर भेटली. धूलकोटला शाळेत गणित शिकवते. तशीच हसते. "तू करतोस ना रे अजून ते ताऱ्यांचं? अच्छा आहे." बस लागली, तशी पिशवी उचलत म्हणाली, "माझी नजरच कच्ची होती, नाही का रे?"

मी हो म्हणालो.