समोरच्या घराचा भाव

मिनेसोटातल्या त्या गावात आर्विड टॉलफसनला सगळे कवडीचुंबक म्हणायचे, आणि त्याची त्यावर काही तक्रार नव्हती. जन्मभर शाळेची बस चालवली, पण स्वतःच्या पैशाने कुणाला कधी कॉफी पाजली नाही, अशी ख्याती. अशा माणसाने गेल्या वर्षी वारलेल्या बहिणीचं समोरचं घर मातीमोलाने विकलं, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. "घाई झाली, फसलो," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून लोक त्याची फिरकी घेत होते, आणि हा पठ्ठ्या निमूटपणे ऐकून घेत होता.

आता तो स्वतःचं घर विकून म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला निघाला होता. घेणारी मार्लिस हॅगबर्ग, शाळेच्या स्वयंपाकघरातली. तिची सारी हयात दुकानावरच्या भाड्याच्या खोल्यांत गेलेली. हे तिचं पहिलं घर. भाव ठरला होता. बँकेने नेमलेल्या मूल्यमापक बाईंनी येऊन घराची किंमत ठरवली, की तिला कर्ज मिळणार होतं.

बाई यायच्या म्हणून आर्विडने तळघर लखलखीत केलं, स्वतः ठोकलेल्या पाइनच्या फळ्यांना तेल लावलं आणि मार्लिसने पाठवलेले दालचिनीचे रोल टेबलावर मांडले. जणू मुलगी बघायला पाहुणे येणार होते. बाईंनी रोलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाहेरून भिंती मोजल्या, छपराचे फोटो काढले, आणि तळघर जमिनीखाली असल्याने घराच्या क्षेत्रफळात धरत नाही, असं सांगून निघून गेल्या. म्हाताऱ्याला ते फार लागलं.

खरा दणका अहवालात होता. आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तशाच घरांवरून किंमत ठरते, आणि एवढ्याशा गावात अगदी तसं घर एकच होतं. तेच, समोरचं. आर्विडनेच विकलेलं. घ्या! किंमत धाडकन खाली आली. बँक कर्ज देणार ते तेवढ्यावरच, आणि वरचे पैसे मार्लिस आणणार कुठून?

ती अहवाल घेऊन त्याच्याकडे आली. ती विक्री बाजारभावाने झाली नव्हती असं कारणासकट लिहून दिलं, तर बँक फेरविचार करते, असं तिला कळलं होतं. कारण काय होतं, तिने विचारलं.

"फसलो. सांगितलं ना."

"सवलतीचं कूपन नसेल तर पावसुद्धा न घेणारी असामी तुम्ही. तुम्हाला कोण फसवणार?"

आर्विडने खिडकीबाहेर पाहिलं. समोर, ते घर घेतलेल्या डोरीनची मुलं बर्फात लोळत होती. मीच माझा भाव उतरवतो, झालं तर मग, असं तो पुटपुटला. मार्लिस एरवी मुखदुर्बळ, पण आता उसळली.

"म्हणजे समोरच्यांसारखं मीही स्वस्तात घेऊन गप्प बसायचं? आणि उद्या शेजारी घर विकायला निघाले, की तुमच्यापायी त्यांचाही भाव पडणार. किती जणांची तोंडं बंद करणार आहात, आर्विड?"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. चांगला म्हणवून घेण्यापेक्षा त्याला मूर्ख म्हणवून घेणं परवडायचं, पण मूर्खपणाचा भुर्दंड आता हिला पडत होता.

"डोरीनचा नवरा गेला होता," तो चोरी कबूल केल्यासारखा म्हणाला. "पोरं उघड्यावर आली असती. तिच्यापाशी होते तेवढेच घेतले. कुठे बोलू नकोस म्हणून बजावलंय तिला. लिही आता, काय लिहायचं ते."

बाईंनी ती विक्री वगळली, पलीकडच्या गावातलं घर धरलं, आणि मार्लिसला कर्ज मिळालं. पण अशा गावात गुपित टिकतं थोडंच? रविवारी प्रार्थनेनंतर आर्विड चर्चमध्ये कॉफीला बसला. आज कुणी त्याची फिरकी घेतली नाही. फक्त त्याच्या ताटलीत न मागता केकचा दुसरा तुकडा येऊन पडला. तो पळ काढायच्या बेतात होता, तेवढ्यात डोरीन समोर उभी राहिली.

"आता तरी आभार मानू का?"

आर्विडने कपात तोंड खुपसलं. "एकदाच," तो म्हणाला. "आणि हळू."

डोरीनला दोन्ही जमलं नाही.