चौथं हँडल

त्या गाडीत शेजारी कुणी बसलंच, तर काच खाली करायला त्याच्या हातात पक्कड द्यावी लागली असती. दाराच्या खिशात ती ठेवलेलीच होती. पण द्यायची कुणाला? शेजारी बसायला होतं कोण!

गाडीच्या मालकाला सगळे गादीवाले म्हणत. उभी नोकरी त्यांनी बस डेपोत सीटा शिवण्यात काढली. "फाडणारं अख्खं गाव आणि शिवणारा मी एकटा," असं कुरकुरत काढली, पण टाका कधी वाकडा गेला नाही. निवृत्त झाले त्याच वर्षी बायको गेली. आता हातात वेळच वेळ, आणि ज्या माणसाबरोबर तो घालवायचा ते माणूसच नाही. मुलगा दूरच्या शहरात. बापाने चार ओळी लिहून पाठवाव्यात आणि या पठ्ठ्याने उत्तर म्हणून नुसता अंगठ्याचं चित्र धाडावं! लहानपणी याच अंगठ्याला धरून चालायला शिकवलं होतं त्याला. असो.

घर खायला उठायला लागलं तेव्हा गादीवाल्यांनी भंगारातून ही जुनी मोटार उचलली. आत उंदरांनी संसार थाटला होता. उंदरांना बेघर करून त्यांनी सीटा नव्याने बांधल्या, छताला कापड ताणलं, दारांना आतून रेक्झिन चढवलं. शिवता येण्याजोगं सगळं शिवून झालं आणि मग घोडं अडलं. इंजिनाचा भाग एक वेळ कुणी घडवून देईल, पण छतातल्या दिव्याची काच, राखदाणी, काच फिरवायचं साईच्या रंगाच्या मुठीचं हँडल, हे कुठून आणायचं? कारखाना बंद पडून जमाना झाला होता.

भंगारवाला वैतागून म्हणाला, "बाबा, माझं डोकं नका खाऊ. तुमच्यासारखाच आणखी एक वेडा आहे, त्याचा नंबर घ्या."

हा दुसरा वेडा म्हणजे मास्तर. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, एकटेच, राहायला दिवसभराच्या अंतरावर. हीच मोटार, हाच नाद. पहिल्याच फोनवर दोघांचं असं काही जमलं की दर रविवारी सकाळी फोन ठरूनच गेला. मास्तरांनी दिव्याची काच धाडली, मग राखदाणी, मग तीन दारांची हँडलं. बदल्यात गादीवाल्यांनी त्यांच्या गाडीच्या पुढच्या सीटांची कव्हरं शिवून पाठवली, वर उरलेलं हिरवं कापडही दिलं. मागच्या सीटचं कव्हर तेवढं बाकी होतं.

आणि इकडे राहिलं होतं चौथं हँडल.

"सापडलं का हो?" गादीवाले विचारत.

"अहो, परवा अगदी हातात येता येता राहिलं!" मास्तर सुरू होत. कधी हँडल कुणा विधवेच्या गॅरेजात असे, कधी एखादा गॅरेजवाला ऐन वेळी फिरे. मास्तर गोष्ट अशी रंगवून सांगत की गादीवाल्यांचा चहा निवून जाई. एकदा मात्र मास्तर गोष्ट सोडून म्हणाले, "या नादापायी किती माणसं जोडली हो मी. पण वस्तू मिळाली की लोक फोनसुद्धा उचलत नाहीत." गादीवाल्यांनी रेक्झिनचा विषय काढला.

एका रविवारी मास्तरांनी फोन उचलला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. गादीवाल्यांच्या जिवाला घोर लागला. बुधवारी शेजारणीने उचलला. मास्तर जिन्यात पडले होते, पाय प्लास्टरमध्ये होता. गादीवाल्यांनी तयार झालेलं मागचं कव्हर डिकीत टाकलं आणि पहाटे गाडी काढली.

मास्तर दिसायला आवाजाच्या निम्मेसुद्धा नव्हते. गादीवाल्यांना पाहून त्यांचे डोळेच भरून आले. "अहो, एवढ्या लांब! कशासाठी?"

"पडून राहा गुपचूप. मी चहा टाकतो."

स्वयंपाकघरात एक कप, एक ताट, एक खुर्ची. अगदी आपल्या घरासारखं, गादीवाल्यांच्या मनात आलं. फळीवर 'साखर' लिहिलेला डबा होता. त्यांनी झाकण उघडलं, तेवढ्यात खोलीतून मास्तर ओरडले, "साखर नाहीये हो! मला मधुमेह आहे! तो डबा राहू द्या!"

उशीर झाला होता. डब्यात हिरव्या कापडाची पुरचुंडी होती. गादीवाल्यांनीच पाठवलेलं कापड. आत साईच्या रंगाच्या मुठीचं हँडल, तेल लावून लखलखीत पुसलेलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. लबाड माणूस! ती विधवा, तो गॅरेजवाला, सगळ्या थापा! आणि आपण बावळटासारखे दर रविवारी कानाला फोन लावून ऐकत बसलो! हँडल त्यांनी खिशात घातलंसुद्धा. आता बाहेर जायचं आणि समोर आपटायचं.

खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. नेहमी अखंड बोलणारा माणूस श्वास रोखून पडला होता.

आणि गादीवाल्यांना पुढचा रविवार दिसला. चारही हँडलं जागेवर, गाडी पूर्ण, मास्तर खजील. कोण कुणाला फोन करणार, आणि कशासाठी?

त्यांनी हँडल खिशातून काढलं, होतं तसं कापडात गुंडाळलं आणि झाकण घट्ट लावलं.

"डबा रिकामाच आहे, मास्तर," ते मोठ्याने म्हणाले. "बिनसाखरेचा चालेल मला."

मास्तरांनी कप घेतला तो चहाकडेच बघत. गादीवाले दोन दिवस राहिले, औषधपाणी केलं, शेजारणीला सगळं समजावून दिलं. डिकी काही त्यांनी उघडली नाही.

रविवारी फोन वाजला. मास्तरच होते. आवाज जरा चाचरत होता.

"गादीवाले, ते हँडल..."

"नाही ना सापडलं? सावकाश बघा."

मग मास्तरांनी हळूच विचारलं, "आणि माझं मागचं कव्हर?"

कव्हर समोर खुर्चीवर होतं, घडी घातलेलं. गादीवाल्यांनी त्यावरून हात फिरवला.

"काय सांगू तुम्हाला, मास्तर," त्यांनी पाय पसरले आणि आवाज लावला. "दोरा मिळत नाहीये हो! परवा अगदी हातात येता येता राहिला..."