आक्काची लघवीची गोळी आणि बीडचा रस्ता

नांदूरघाट सोडलं तेव्हा ऊन अजून चढायचं होतं. जीपमध्ये मी सगळं रचून ठेवलं होतं : जुने रिपोर्ट, बिनमिठाच्या भाकरी, पाणी, उशी. माझी थोरली बहीण आक्का मागे उशीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिला धाप लागते. तिच्या हृदयाची एक झडप गळते. ऑपरेशन झेपेल का, ते आज बीडला कळायचं होतं.

दोन्ही बाजूंना नुसत्या पळाट्या (कापसाची वाळलेली झाडं). मांजरसुंब्याला रशीदभाईंनी ढाब्यावर जीप थांबवली. गावात ते मेकॅनिक, जीप त्यांचीच. आक्का उतरलीच नाही.

"चहा तरी घे," मी म्हणाले.

"नको बाई. मंग पुन्हा थांबावं लागतंय."

ढाब्यामागे पत्र्याचा आडोसा होता. त्याला दार नव्हतं.

बीडला डॉक्टरीणबाईंनी आक्काच्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला. मग हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको झाला. झडप नीट मिटत नाही, दर ठोक्याला थोडं रक्त उलटं जातं, म्हणून फुप्फुसात पाणी साचतं, असं त्यांनी समजावलं.

"पाणी उतरवायची लघवीची गोळी रोज घेता ना?"

"घेते की. परवासाचा दिवस सोडून."

"अजून कधी सोडता?"

"बाजारच्या दिशी. लग्नात. रानात गेले तर. गोळी घिऊन बायांनी जायाचं कुठं?"

डॉक्टरीणबाईंनी जुने रिपोर्ट पुन्हा उघडले. "औषध लागू पडत नाही असं समजून मी डोस वाढवत होते," त्या म्हणाल्या. "हृदय फार थकलंय. आधी रोज गोळी, मीठ कमी, सकाळी वजन. पाणी उतरलं तरच सर्जनला विचारता येईल."

गोळी त्यांनी समोरच घ्यायला लावली. परतताना नेकनूरजवळ आक्का ओठ चावत बसली. शेवटी मीच रशीदभाईंना सांगितलं, आक्काला जायचंय.

"आक्का, आदी कावून सांगितलं न्हाई? गाडी काय पळून चालली व्हय?"

"तुमाला कसं सांगू, भाऊ?" तिनं पदर तोंडावर घेतला.

त्यांनी जीप गावात वळवली. "हितं माजी बहीन ऱ्हाती."

बहिणीनं काही विचारलं नाही, पाण्याची बादली भरून दिली. तिच्या दारापासून जीपपर्यंत येताना आक्का दोनदा भिंतीला धरून थांबली.

घरी येऊन मी पुढच्या फेरीची तयारी लिहायला घेतली. यादीत रिपोर्ट आणि भाकरी खाली गेल्या. वर आली वाटेवरची ओळखीची घरं. नेकनूरला एक आहे. तिथून पुढे बीडपर्यंत एकही नाही.