सदर मुलगी स्वभावाने शांत आहे

चांगल्या फोटोला संदर्भ लागत नाही, असं माझं एके काळी ठाम मत होतं आणि त्या मतापायी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही जळगावला राहायचो. मी एका डाळ मिलच्या कचेरीत पत्रं टाइप करायचो आणि उरलेल्या वेळात कलावंत होतो. (उरलेला वेळ म्हणजे रविवार.) मामेभावानं मला त्याचा जुना बॉक्स कॅमेरा दिला होता. तो छातीशी धरायचा, मान खाली घालायची आणि वरच्या काचेत बघायचं. त्या काचेत डावं उजवीकडे दिसायचं अन् उजवं डावीकडे. खुर्चीवर हात ठेवून काढलेले फोटो मला तुच्छ वाटायचे. मी रस्त्यावरचे फोटो काढायचो. केळीच्या घडांवर घोरणारा गाडीवान, ओट्यावर दाढी करून घेणारा हवालदार, असले.

"हा कोण?" आबा विचारायचे. आबा म्हणजे आमचे वडील, तहसील कचेरीत कारकून.

"कोण ते महत्त्वाचं नाही, आबा. फोटो स्वतःच बोलतो."

"मग त्याला त्याचं नाव विचार!"

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई, धाकटी बहीण शालू आणि मी मामाच्या गावी गेलो. गाव शिंदखेडा तालुक्यातलं. आखाजीला तिथे गौराई घेऊन दोन गल्ल्यांच्या पोरी रस्त्यावर समोरासमोर येतात, एकमेकींना पोटभर शिव्या देतात, वर ढेकळं फेकतात आणि तासाभरानं त्याच पोरी एका झोक्यावर बसून गाणी म्हणतात. एरवी आमची शालू भाजीवाल्याला भाव विचारताना लाजायची. पण त्या दिवशी तिनं पदर खोचला, हातात ढेकूळ घेतलं, तोंड उघडलं आणि मी खटका दाबला.

फोटो अप्रतिम आला! (त्याच दुपारी माझ्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. मामाच्या घराची चौकट ठेंगणी आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं.)

जळगावला स्टेशनच्या रस्त्यावर सुगनचंदभाऊंचा स्टुडिओ होता. मूळचे मारवाडातले, आणि फोटोतलं त्यांना माझ्याहून पुष्कळ कळायचं. त्यांनी फोटो निरखून पाहिला. मागे गौराई होती, हसणाऱ्या पोरी होत्या, टाळ्या पिटणारी मामी होती.

"छान आहे. आखाजीची गंमत दिसते," ते म्हणाले.

"तीच नको," मी म्हणालो. "मागची सगळी माणसं कापा. फक्त ही मुलगी ठेवा."

"मग कळेल कसं काय चाललंय?"

"कळायला कशाला हवं? फोटो स्वतः बोलेल!"

सुगनचंदभाऊंनी मान हलवली आणि फोटो कापला. भिंतीइतका नव्हे, पण दाराएवढा मोठा केला आणि स्टुडिओबाहेरच्या काचेच्या कपाटात लावून कपाटाला कुलूप घातलं. आता फोटोत उरली खोचलेल्या पदराची, वटारलेल्या डोळ्यांची, हातात ढेकूळ उगारलेली शालू. आणि कोपऱ्यात, नीट कापलं न गेल्यामुळे, कुणा म्हाताऱ्याची खाली वाकलेली पगडी.

फोटो बोलायला लागला. दुर्दैवानं प्रत्येकाशी वेगळं बोलायला लागला! चहावाला म्हणे, सासऱ्याला मारतेय. दुकानात आलेली एक बाई म्हणाली, सासऱ्यानंच काहीतरी केलं असेल. दोन कॉलेजकुमारांनी हा मोर्चा आहे असं ठरवलं. माझा आनंद गगनात मावेना. एका फोटोच्या तीन गोष्टी! मी रोज कचेरीतून येताना गर्दीत उभा राहून ऐकायचो, आणि कुणी "ही कोण?" असं विचारलं की गूढ हसायचो.

आठव्या दिवशी धुळ्याहून पत्र आलं.

आता हे पत्र म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. धुळ्याला एका लग्नात शालूला एका तरुण शाळामास्तरानं पाहिलं होतं. शालूनंही त्याला पाहिलं होतं. याआधीच्या तीन स्थळांना "नको" म्हणणारी ही मुलगी या वेळी "तुम्ही ठरवाल ते" म्हणाली होती आणि तेव्हापासून पोळ्या करताना गुणगुणत होती. घरात हे गुणगुणणं सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं, इतकं आम्हाला ते स्थळ हवं होतं. पत्रात लिहिलं होतं, येत्या रविवारी आम्ही मुलासह पसंतीला येत आहोत. एस.टी.तून उतरून पायीच येऊ, पत्ता माहीत आहे.

"पायी म्हणजे स्टेशनच्या रस्त्यानं!" शालू म्हणाली आणि गुणगुणणं थांबलं.

मी सायकल काढून स्टुडिओकडे धावलो. दाराला कुलूप. सुगनचंदभाऊ भाचीच्या लग्नाला मारवाडात गेले होते. कपाटाची किल्ली अर्थात त्यांच्या कमरेला.

घरी येऊन सांगितलं. शालूनं माझ्याकडे पाहिलं. अगदी फोटोतल्यासारखं.

"काच फोडू का?" मी विचारलं.

"आणि पोलीस आले की रविवारी पाहुण्यांना कुठे भेटशील?" आबा गरजले. "काचेवर कागद चिकटव! खाली लिही, काय आहे ते!"

"नुसतं 'आखाजी' लिही ना," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

आमच्या घरातलं हे एकमेव शहाणं वाक्य होतं. त्यामुळे अर्थातच कुणी ते ऐकलं नाही. मी म्हणालो, "तसं लिहिलं की फोटो मेला!" आबा म्हणाले, "गौराई तर या गाढवानं कापून टाकलीय. सणच आहे हे सिद्ध कसं करणार? स्वभावाचाच दाखला द्यायला हवा." आणि त्यांनी तहसील कचेरीत तीस वर्षं घोटलेल्या अक्षरात एक कागद लिहिला. तो मी काचेवर, शालूच्या बरोबर पायाशी, खळीनं चिकटवला.

"सदर मुलगी स्वभावाने शांत आहे."

खाली आबांची सही होती. सवयीनं झाली! नावासकट!

शनिवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. लोक मोठ्यानं वाचत होते आणि पोट धरून हसत होते. मी कागद खरवडायला गेलो, पण खळ आईनं केलेली होती. निघाले ते फक्त "स्वभावाने" आणि "आहे". उरलं ते "सदर मुलगी शांत". कुणीतरी विचारलं, "बिचारी गेली का?"

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील नाना म्हणजे निवृत्त हेडमास्तर. कपाळावरची आठी जन्मजात असावी. मुलाची आई मात्र नऊवारीतली, ठेंगणी, बारीक डोळ्यांची. आणि मुलगा, तो जमिनीकडे बघत होता. पोहे आले. शालू आली, खाली मान घालून बसली. तिची बोटं पदराशी चाळा करत होती, आणि तिला असं पाहून मला पहिल्यांदा माझ्या कलेची मनापासून लाज वाटली.

नानांनी बशी खाली ठेवली. "येताना रस्त्यात एक फोटो पाहिला."

आबांनी पोह्यांचं पातेलं नानांपुढे सरकवलं.

"पाव तास पाहिला," नाना म्हणाले. "गर्दीत उभं राहून. खाली आपली सही होती."

"त्याचं असं आहे..." आबांनी सुरुवात केली.

एवढ्यात मुलाच्या आई पुढे सरकल्या. त्या शालूला नीट निरखत होत्या. मग अहिराणीत म्हणाल्या,

"पोरी, आखाजी शे ना ती?"

शालूनं मान वर केली. "हो."

"माले तं लगेच वळखू उनं! ढेकूळ धराना हात देखा ना मी." त्या नानांकडे वळल्या. "मी बी फेकेल शे, लगीन व्हवाना आधी. तुमले सांगेल नई कधी."

नानांची जन्मजात आठी हलली. मुलगा पहिल्यांदा हसला, आणि शालूला तो हसताना दिसला. मला वाटतं, लग्न तिथेच ठरलं.

"पन एक सांग," त्या शालूला म्हणाल्या. "आखाजीले पोरी पोरीसले मारतस. तुना डोळामा तं खरा राग शे. समोर कोन व्हतं?"

शालूनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"दादा होता," शालू म्हणाली. "दोन्ही गल्ल्यांच्या मधोमध उभा. 'हात अजून वर घे, उजेड नाही, तोंड मोठं उघड,' असं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मी फेकलं."

"आणि लागलं?" नानांनी हेडमास्तरांच्या आवाजात विचारलं.

"काचेत ढेकूळ डावीकडे येताना दिसलं," मी कबूल केलं, "म्हणून मी उजवीकडे सरकलो."

"म्हणजे चौकट..." आई म्हणाली.

"चौकट ठेंगणी नव्हती, आई."

नाना असे हसले की पोह्यांतला शेंगदाणा त्यांच्या घशात अडकला आणि त्यांच्या पाठीत थापटायला दुसरं कुणी नव्हे, सदर शांत मुलगीच धावली.

लग्न झालं. सुगनचंदभाऊ परतल्यावर त्यांच्याकडून तो मोठा फोटो सासूबाईंनी मागून घेतला आणि धुळ्याच्या घरी ओसरीवर लावला. आबांचा अर्धवट कागद आता नाही, दुसरंही काही लिहिलेलं नाही. तरी तिथे तो फोटो सगळ्यांना नीट कळतो. कारण दर आखाजीला शालूला माहेरी आणायला मी धुळ्याला जातो. त्या दिवशी सासूबाई शेजारपाजारच्या बायका गोळा करतात, मला फोटोखाली उभं करतात, कपाळावरची खूण दाखवतात आणि माझ्याकडे बोट करून म्हणतात, "हाऊ देखा. समोर हाऊ व्हता."

फोटोला संदर्भ लागतो, हे मला आता पूर्ण मान्य आहे. तो जळगावहून सकाळच्या एस.टी.नं येतो आणि त्याला जेवायला पुरणपोळी लागते.