सुषमाचं ओलं फडकं

सुषमा गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं, आणि तो फोन ठेवते न ठेवते तोच आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेजची रांग लागली. कुणी अमेरिकेतून, कुणी पुण्याहून, कुणी इथूनच पंचवटीतून. "मॅडमनी पुसलेली शेवटची ओळ आयुष्यभर पुरली." "मॅडमनी उत्तर कधीच दिलं नाही, म्हणून आज स्वतःच्या पायावर उभा आहे." मी रडत रडत वाचत होते, आणि वाचता वाचता माझं रडणं थांबलं. कारण यातल्या बऱ्याच जणांना ती पुसलेली ओळ कुणी सांगितली, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी सांगितली होती! आणि माझं नाव एकानेही घेतलं नव्हतं. जिवाभावाची मैत्रीण नुकतीच गेलेली, आणि मी तिच्यावर जळत बसले होते. तिला हे कळलं असतं तर पोट धरून हसली असती...

आम्ही दोघी एकाच कॉलेजात शिकवायचो. ती फिजिक्स, मी मॅथ्स. गंगापूर रोडला आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. तिचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, त्यामुळे लहानपणापासून ती मोठमोठ्या यंत्रांकडे बघून "हे असं का?" विचारत आलेली. तिच्या पुढच्या खोलीत एकही खुर्ची नव्हती. नुसती शहाबादी फरशी, खडूंचा डबा आणि कोपऱ्यात पाण्याची बादली. संध्याकाळी बी.एस्सी.ची, इंजिनीअरिंगची मुलं अडलेली गणितं घेऊन यायची. ती त्यांना जमिनीवर बसवायची, हातात खडू द्यायची आणि म्हणायची, "आधी चित्र काढ." मग मूल लिहीत जायचं आणि ही मांडी घालून फक्त "का?" आणि "मग?" एवढंच विचारायची. फरशी अर्धीअधिक भरली, उत्तर दिसायला लागलं, की बाई बादलीतलं फडकं पिळायच्या आणि शेवटच्या ओळी पुसून टाकायच्या. "आता घरी जाऊन कर."

मुलं धुसफुसत चपला घालायची आणि थेट माझ्या दारात यायची. गुडघ्यांना खडू लागलेला असायचा, त्यामुळे कुठून आलीत हे विचारावं लागत नसे. "मॅडम, एवढी एकच स्टेप सांगा ना, परवा पेपर आहे." मी सांगायची. एकच कशाला, सगळं गणित पहिल्यापासून स्वच्छ अक्षरात करून द्यायची, उत्तराखाली दोन रेघा मारून. यात माझं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. परवा पेपर असलेल्या मुलाला तत्त्वज्ञान पाजून काय उपयोग?

मुलं गेली की मी तिच्याकडे चहाला जायची. चहा ती फार सुरेख करायची, हे मात्र कबूल. आणि नेमकं तेव्हाच तिचा फोन वाजायचा. पलीकडून कुणीतरी एकच शब्द ओरडायचं, मला समोर बसूनही ऐकू यायचा... "सुटलं!" जी मुलं माझ्याकडे न येता घरी जाऊन डोकं लावायची, त्यातलं कुणीतरी असायचं. ही म्हणायची, "छान. झोप आता." आणि फोन ठेवायची.

"अगं, उत्तर काय आलं ते तरी विचार," मी एकदा चिडून म्हटलं. "चुकलं असेल तर?"

"आवाजावरून कळतं," ती म्हणाली. "अजून अर्धा कप घेतेस?"

मला कधी असा फोन आला नाही. मला यायचे ते "थँक यू मॅडम"चे मेसेज, फुलांच्या चित्रासकट.

आणि मग माझी केतकी, माझी एकुलती एक मुलगी. कॉलेजात गेल्यावर तीही "सुषमामावशी"कडे बसायला लागली. घरात मॅथ्सची प्राध्यापक आई असताना! एकदा तिला एक गणित अडलं होतं. तारेचं उभं कडं, त्यात ओवलेला एक मणी. कडं भोवऱ्यासारखं स्वतःभोवती फिरवलं तर मणी कुठे थांबेल? कागदावर कोनाची किंमत काढताना कोसाइन एकापेक्षा मोठा येत होता. मी तिच्या खांद्यावरून वाकून म्हटलं, "असं होऊच शकत नाही, ते उत्तर बाद कर आणि पुढे जा." तिने कागदाची घडी घातली. संध्याकाळी मावशीकडे गेली. सुषमाने म्हणे विचारलं, "बाद केलंस? मग मणी गेला कुठे?" आणि फडकं फिरवून तिला घरी धाडलं.

त्या दिवशी मी वाट पाहिली. साऱ्या नाशिकची मुलं शेवटची ओळ मागायला माझ्याकडे येतात, केतकी तर दोन पावलांवर आहे, येईलच. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत राहिले. केतकीच्या खोलीचं दार बंद. मग आतून आवाज आला, "मावशी, सुटलं!" ... तिने आधी मावशीला फोन केला होता. जेवताना मला म्हणाली, "आई, ते झालं हं." पुढे केतकी फिजिक्स शिकली, आता बंगळुरूला शिकवते. सगळे म्हणतात, आईवर गेली. मी हसते. कुणावर गेली ते मला माहीत आहे.

सुषमाला मी शेवटची भेटले ती हॉस्पिटलात. आवाज बारीक झाला होता, पण खोड्या तशाच. म्हणाली, "पोरं माझ्याकडून उठून तुझ्याकडे पळायची, मला काय माहीत नव्हतं होय?"

"मग कधी बोलली नाहीस?"

"तू होतीस म्हणून तर बिनधास्त पुसता यायचं गं. पोर अगदीच बुडायला लागलं तर दोन गल्ल्यांवर तू होतीस."

मी तिचा हात हातात घेतला. पण घरी येताना रिक्षात माझं डोकं पुन्हा तिथेच. म्हणजे माझ्या दारात आलेली मुलंसुद्धा हिनेच पाठवलेली? हे कौतुक होतं की आणखी एक कुरघोडी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काही आठवड्यांनी तिचं घर आवरताना भाऊ म्हणाला, "ताई, तुम्हाला आठवण म्हणून काय हवं ते न्या." त्याला वाटलं, मी पुस्तकं नेईन. मी खडूंचा डबा आणि वाळून कडक झालेलं ते फडकं उचललं. तो बघतच राहिला.

आणि गेल्या आठवड्यात सायली आली. सुषमाकडे शेवटी शेवटी येणारी मुलगी. तिचं गणित अर्धवट राहिलं होतं. "मॅडमनी शेवटचं पुसलं आणि मग त्या ॲडमिटच झाल्या," ती म्हणाली. कागद पाहिला तर तेच. तारेचं कडं आणि मणी. कोसाइन एकापेक्षा मोठा. उत्तर माझ्या जिभेवर होतं. माझ्या घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर खडू उमटत नाही, म्हणून तिला गॅलरीतल्या सिमेंटच्या कोब्यावर बसवलं. तिने चित्र काढलं. मी "का?" विचारलं, "मग?" विचारलं, आणि दर खेपेला पुढचं सांगून टाकावंसं वाटत होतं. एका ओळीवर ती थांबली आणि सवयीने माझ्याकडे बघायला लागली. मी फडकं भिजवलं, पिळलं आणि पुसलं. "घरी जाऊन कर," म्हटलं. तिचा चेहरा पडला. माझाही पडला असावा.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"मॅडम, सुटलं!"

मी काही सुषमा नाही. मी विचारलंच, "काय आलं?"

"काही येतच नाही मॅडम! कडं हळू फिरत असलं की मणी खालीच बसून राहतो. वेग वाढला तरच वर चढतो!" ती हसत होती, बहुतेक रडतही होती.

"छान," मी म्हटलं, आणि फोन ठेवून गॅलरीत गेले. फडकं कठड्यावर वाळत होतं. मला सुषमाचा इतका राग आला म्हणून सांगू... एवढं सुख ही बाई रोज संध्याकाळी एकटी घेत होती, आणि समोर बसवून मला नुसता चहा पाजत होती.